विशेषणाचा अंमल : स्पॅनिश व्याकरणातील एका लहान प्रश्नाचा इतिहास

स्पॅनिश व्याकरणात ‘रेहिमेन’ ही एक जुनी आणि भारदस्त संज्ञा आहे. राज्यव्यवहारात तिचा अर्थ राजवट किंवा अंमल असा होतो. व्याकरणात ती एका पदाने दुसऱ्या पदावर चालविलेल्या अधिकाराला लावली जाते. क्रियापदाचा असा अधिकार कर्मावर चालतो, हे समजण्यास अडचण पडत नाही. परंतु स्पॅनिशमध्ये विशेषणही असा अंमल चालविते. विशेषणाचा अर्थ पुरा होण्यासाठी त्यानंतर एखादे नाम यावयाचे असेल, तर त्या दोहोंमध्ये कोणते शब्दयोगी अव्यय असावे हे ते विशेषणच ठरविते. मराठीत शब्दयोगी नामाला मागाहून जोडले जाते, स्पॅनिशमध्ये ते नामाच्या आधी सुटा शब्द म्हणून येते. हा भेद मोठा असला तरी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने गौण आहे. मुख्य मुद्दा असा की, या अंमलाचे कायदे कोणी आणि कशाच्या आधारावर लिहावेत, याचा निर्णय स्पॅनिश व्याकरणकारांना चारशे वर्षे करता आला नाही, आणि तो जसजसा होत गेला तसतशी त्याची गाठ साहित्याच्या अभ्यासाशी पडत गेली.

‘दिग्नो’ (पात्र), ‘कापास’ (समर्थ) आणि ‘येनो’ (भरलेला) ही तिन्ही विशेषणे ‘दे’ मागतात. ‘फिएल’ (एकनिष्ठ) आणि ‘पारेसिदो’ (सारखा) यांना ‘आ’ लागते. ‘रिको’ म्हणजे श्रीमंत. पण एखादा प्रदेश खनिजांनी समृद्ध आहे असे म्हणावयाचे तर त्यापुढे ‘एन’ येते. ‘कासादो’ (विवाहित) ‘कोन’ घेते, तर ‘एनामोरादो’ (प्रेमात पडलेला) ‘दे’ घेते. ‘लोको’ (वेडा) या विशेषणापुढे ‘दे’ आले तर वेडाचे कारण कळते, म्हणजे मनुष्य आनंदाने वेडा झालेला असतो. ‘पोर’ आले तर वेडाचा विषय कळतो, म्हणजे तो कोणासाठी तरी वेडा झालेला असतो. आता ‘दे’चा मूळ अर्थ ‘पासून’ आणि ‘चा’ यांच्या आसपासचा. पात्रता, सामर्थ्य आणि भरलेपणा यांमध्ये ‘पासून’चा कोणता समान अंश आहे? एकदा उत्तर ठाऊक झाल्यावर तसा अंश शोधून काढता येतो, आणि पाठ्यपुस्तके तो शोधून काढतातही. परंतु विशेषणाचा केवळ अर्थ हाती देऊन त्यावरून शब्दयोगी सांगा, असे म्हटले तर सांगता येत नाही. मराठीतही ‘स्तुतीस पात्र’, ‘पाण्याने भरलेला’, ‘गणितात कच्चा’, ‘मित्राशी एकनिष्ठ’ या रचना वापरणारा त्या अर्थावरून काढीत नाही. त्या त्याच्या कानावरून गेलेल्या असतात. अर्थावरून ज्याचे स्पष्टीकरण देता येते पण भाकीत करता येत नाही, अशा गोष्टीचे व्याकरण लिहावयाचे म्हणजे नियम लिहावयाचा नसून साक्ष नोंदवावयाची असते. कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, हाच मग खरा वाद उरतो.

या प्रश्नाचे मूळ लॅटिनच्या मोडतोडीत आहे. लॅटिनमध्ये विशेषणाचा अंमल नामाच्या विभक्तीवर चाले. ‘दिग्नुस’ पंचमीसदृश विभक्ती घेई, ‘कापाक्स’ षष्ठी घेई, ‘प्लेनुस’ला दोन्ही चालत. बोलींमध्ये या विभक्त्यांचे प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दयोगींवर येऊन पडले. तीन वेगळ्या वाटांनी आलेली ही विशेषणे कास्तिलच्या भाषेत एकाच ‘दे’च्या दारात येऊन थांबली. ‘आप्तुस’ (योग्य) चतुर्थी किंवा ‘आद’ हे शब्दयोगी घेत असे, त्याच्या वंशजाने ‘पारा’ पत्करले. म्हणजे आजच्या रचनेतील पुष्कळसा स्वैरपणा हा लुप्त झालेल्या एका व्यवस्थेचा अवशेष आहे. पण हे कळावयास व्याकरणाकडे ऐतिहासिक दृष्टी हवी, आणि आरंभीच्या व्याकरणकारांपाशी ती असणे शक्य नव्हते.

आंतोनियो दे नेब्रिहा याचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण सालामांका येथे १४९२ साली प्रसिद्ध झाले. राणी इसाबेलला अर्पण केलेल्या या ग्रंथाची प्रस्तावना भाषा आणि साम्राज्य यांच्या सोबतीविषयीच्या विधानामुळे अतोनात गाजली. आतील व्याकरण मात्र त्या मानाने थोड्यांनीच वाचले, आणि पुढची सुमारे अडीचशे वर्षे त्याचे पुनर्मुद्रणही झाले नाही. नेब्रिहा मुळात लॅटिनचा अध्यापक. त्याचे १४८१चे लॅटिन व्याकरण शाळाशाळांत चालू होते. कास्तिलियन नामांना विभक्तिरूपे नाहीत आणि विभक्त्यांचे अर्थ ही भाषा शब्दयोगींनी दाखविते, हे त्याने स्वच्छ ओळखले होते. तरीही शब्दयोगींची वर्गवारी करताना ती षष्ठी घेणारी की द्वितीया घेणारी, असाच प्रश्न त्याने विचारला. चौथ्या भागात नामांच्या ‘पुढच्या’ रचनेला त्याने एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे; पण तेथेही विशेषण कोणते शब्दयोगी निवडते यापेक्षा त्यातून कोणती विभक्ती व्यक्त होते, याकडे त्याचे लक्ष आहे. डोळ्यांना दिसत होते ‘दे’ आणि लेखणी लिहीत होती षष्ठी.

नेब्रिहानंतरच्या शतकात फ्रान्सिस्को सांचेस, जो ब्रोसेन्से या नावाने ओळखला जातो, त्याने १५८७च्या ‘मिनेर्वा’ या लॅटिन व्याकरणात या प्रश्नाला एक धीट वळण दिले. षष्ठी ही केवळ नामामुळेच येऊ शकते, असा त्याचा आग्रह होता. तेव्हा विशेषणानंतर षष्ठी दिसली की तेथे एखादे नाम अध्याहृत आहे असे तो मानी, आणि पंचमीसदृश विभक्तीच्या मागे नेहमी एक उक्त किंवा अनुक्त शब्दयोगी असते असे सांगे. विशेषणाचा अंमल त्याने अशा रीतीने नाकारलाच. भाषेच्या पृष्ठभागाखाली एक अधिक सुसंगत रचना असते, या कल्पनेमुळे विसाव्या शतकात नोम चॉम्स्कीने त्याचे स्मरण केले. परंतु अध्याहाराने सर्वच साध्य होते, आणि ज्याने सर्वच साध्य होते त्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘येनो’नंतर ‘दे’च का येते, ‘कोन’ का नाही, याचे उत्तर अध्याहृत नामाजवळ नसते. हाच ब्रोसेन्से १५७४ साली गार्सिलासोच्या कवितेवर टीपा लिहून गेला, ही गोष्ट मात्र पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश राजकीय अकादमीने आपला पहिला कोश १७२६ ते १७३९ या काळात सहा खंडांत काढला. त्याला ‘प्रमाणांचा कोश’ म्हटले जाते, कारण शब्दाच्या प्रत्येक अर्थामागे मान्यताप्राप्त लेखकाचे प्रमाण द्यावे, हे त्याचे धोरण होते. १७७१ साली त्याच संस्थेचे व्याकरण आले. १७८० साली तिसऱ्या कार्लोसच्या आज्ञेने ते शाळांत लागू झाले. अकादमीच्या व्याकरणपरंपरेचा एक ठळक विशेष म्हणजे कोणत्या शब्दापुढे कोणते शब्दयोगी येते याच्या वर्णानुक्रमी याद्या. अशी यादी १९३१च्या आवृत्तीपर्यंत टिकून होती. क्रियापदे, विशेषणे, नामे एकापाठोपाठ एक येतात. प्रत्येकापुढे एक किंवा अनेक शब्दयोगी. आणि त्याबरोबर नमुन्यादाखल एखादा त्रोटक शब्दसमूह. हे शब्दसमूह कोठून घेतले, ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, याचा उल्लेख नाही. कोशात साक्षीदाराला नावानिशी उभे करणारी संस्था व्याकरणात स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश झाली. ‘कोन्तेन्तो’ (संतुष्ट) या विशेषणापुढे ‘कोन’ आणि ‘दे’ ही दोन्ही चालतात, इतके यादीवरून कळते. ती एकाच काळी, एकाच थरातल्या माणसांना, एकाच अर्थी चालतात काय, हे कळत नाही. यादीला काळ नसतो.

येथे भारतीय परंपरेशी एक तुलना सुचते. पाणिनीने दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात विशिष्ट अर्थाच्या पदांच्या योगात कोणती विभक्ती यावी हे एकेक करून सांगितले आहे. अवयवाच्या व्यंगाच्या संदर्भात त्या अवयववाचक शब्दाची तृतीया (२.३.२०), तुल्य या अर्थाच्या पदांच्या योगात तृतीया किंवा षष्ठी (२.३.७२), असे त्याचे स्वरूप आहे. तीही एका अर्थाने यादीच. पण तिच्यात विकल्प हा विकल्प म्हणून उच्चारलेला आहे आणि विभक्ती व कारक यांची गल्लत नाही. स्पॅनिश अकादमीची अडचण या गल्लतीचीच होती. नामाला विभक्तिरूपे नसतानाही तिचे व्याकरण एकोणिसाव्या शतकात नाम विभक्त्यांत चालवून दाखवीत राहिले.

ही गल्लत दूर केली ती आंद्रेस बेयो याने. काराकास येथे १७८१ साली जन्मलेला हा पंडित १८१० ते १८२९ लंडनमध्ये होता आणि पुढे चिलीत स्थायिक होऊन तेथील विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. त्याचे व्याकरण १८४७ साली सान्तियागो येथे निघाले. ते अमेरिकेतील लोकांच्या उपयोगासाठी आहे असे ग्रंथाच्या नावातच म्हटले आहे, आणि आपण स्पेनमधल्यांना शिकवू पाहत नाही, अशी भूमिका प्रस्तावनेत घेतली आहे. या नम्रतेत धार आहे. बेयोने नामांच्या काल्पनिक विभक्त्या रद्द केल्या. शब्दयोगी आणि त्याचे ‘तेर्मिनो’ म्हणजे ज्याला ते जोडले जाते ते पद, या दोहोंचे मिळून एक ‘कोंप्लेमेन्तो’ अर्थात पूरक होते, असे त्याने मांडले. ‘दे’ आले म्हणून षष्ठी म्हणावयाचे, तर मग ‘सिन’ (वाचून), ‘सोब्रे’ (वर), ‘आस्ता’ (पर्यंत) यांच्या विभक्त्या कोणत्या? मराठीत ‘साठी’, ‘कडून’, ‘पेक्षा’ यांना विभक्तिप्रत्यय म्हणावे की शब्दयोगी, या जुन्या वादाशी परिचित असलेल्यांना बेयोच्या आक्षेपाचे वजन निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. विशेषणाला पूरक लागते, ते पूरक शब्दयोगीने सुरू होते, आणि ते शब्दयोगी विशेषणावर अवलंबून असते, हे आज साधे वाटणारे वर्णन बेयोपासून सुरू होते. कोणते विशेषण कोणते शब्दयोगी घेते, हा तपशील मात्र त्यानेही फारसा दिला नाही.

तो देण्याचे काम बोगोताच्या एका मनुष्याने आयुष्याचे कार्य म्हणून पत्करले. रुफिनो होसे क्वेर्वो (१८४४–१९११) याने आरंभी बोगोतातील बोलीतल्या ‘चुका’ दाखविणारी टिपणे लिहिली. आपल्या प्रांतातील लोक शुद्ध कास्तिलियन बोलत नाहीत, ही चिंता त्यांच्या मुळाशी होती. परंतु जुने ग्रंथ चाळता चाळता त्याच्या ध्यानात आले की यांपैकी पुष्कळ ‘चुका’ सोळाव्या-सतराव्या शतकांतील नामवंत लेखकांच्याही आहेत. स्पेनने त्या टाकल्या आणि अमेरिकेने जपल्या. शुद्धीच्या आग्रहातून इतिहासाकडे झालेला हा प्रवास त्याच्या पिढीत दुर्मीळ होता. बंधू आन्हेलच्या बोगोतातील बिअरच्या कारखान्याने दोघांना स्वास्थ्य मिळवून दिले, आणि १८८२ साली ते पॅरिसला जाऊन राहिले. ‘कास्तिलियन भाषेच्या रचनेचा आणि रेहिमेनचा कोश’ हा ग्रंथ क्वेर्वोने १८७२ साली हाती घेतला. त्याचा पहिला खंड १८८६ साली, दुसरा १८९३ साली पॅरिसमध्ये छापला गेला. पहिल्यात ‘आ’ व ‘बे’, दुसऱ्यात ‘से’ व ‘दे’ या अक्षरांचे शब्द होते.

अकादमीच्या यादीत एक-दोन ओळींत आटोपणारा शब्द येथे पानेच्या पाने व्यापतो. अर्थच्छटा वेगळ्या केलेल्या, प्रत्येक छटेखाली रचनेचे प्रकार, प्रत्येक प्रकाराखाली लेखकांची वचने, शेवटी अभिजात काळापूर्वीची उदाहरणे आणि व्युत्पत्ती. विशेषणाच्या अंमलाला काळ मिळाला तो येथे. ‘आहेनो’ (परका, अलिप्त) हे विशेषण पाहावे. लॅटिनमधील त्याचा पूर्वज ‘पासून’ या अर्थाचे शब्दयोगी घेई. त्याला अनुसरून जुन्या अभिजात गद्यात ‘आहेनो दे’ ही रचना रूढ होती. आज बहुतेक लिहितात ते ‘आहेनो आ’. ‘दुरावा’ या अर्थाच्या विशेषणाने ‘कडे’ या अर्थाचे शब्दयोगी घ्यावे हे तर्काला सोडून आहे. परंतु ‘पारेसिदो आ’, ‘फिएल आ’ अशा संबंधवाचक विशेषणांच्या मोठ्या कुटुंबाचे आकर्षण तर्काहून प्रबळ ठरले, असे म्हणावे लागेल. ‘दिफेरेन्ते’ (भिन्न) या विशेषणानंतर ‘दे’च्या शेजारी ‘आ’ येऊन बसले आहे, तेही याच ओढीने.

साहित्याच्या अभ्यासकाचा प्रवेश येथे होतो. शैलीविज्ञानात प्रमाणापासूनचे विचलन ही संकल्पना मध्यवर्ती मानली जाते. पण कोणत्या प्रमाणापासून? सतराव्या शतकातील कवितेत विशेषणानंतर अपेक्षित ‘दे’ नाही असे आढळले, तर ते विचलन आहे काय? स्पॅनिशमधील दोन प्रकारची उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे या प्रश्नाचा कस लागतो.

पहिला प्रकार ‘ग्रीक द्वितीया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेचा. पायाने अधू, नजरेने मंद, चेहऱ्याने सुकलेला, असे म्हणताना मराठी ‘ने’ वापरते आणि स्पॅनिश ‘दे’. सेर्वान्तेसने १६०५ साली ‘दोन किहोते’च्या पहिल्या प्रकरणात नायकाची शरीरयष्टी सांगताना ही घरगुती रचनाच वापरली आहे. व्हर्जिलने ग्रीकच्या वळणावर लॅटिनमध्ये आणलेली दुसरी रचना अशी की, विशेषण किंवा धातुसाधित व्यक्तीला लागते, पण अवयववाचक नाम कोणत्याही शब्दयोगीवाचून त्याच्या शेजारी उभे राहते. गार्सिलासोने (त्याची कविता १५४३ साली, मृत्यूनंतर सात वर्षांनी, छापली गेली) ती स्पॅनिशमध्ये रुजविली आणि लुइस दे गोंगोराने १६१३च्या सुमारास प्रसृत झालेल्या ‘सोलेदादेस’मध्ये ती मुक्तहस्ताने वापरली. त्याच्या विरोधकांना, विशेषतः खंडनपत्र लिहिणाऱ्या हुआन दे हाउरेगीला, या कवितेत परभाषेची बळजबरी दिसली. दामासो आलोन्सोने १९३५च्या आपल्या अभ्यासात गोंगोराच्या अशा लकबींची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा त्या लहरी नसून एका काव्यभाषेचे घटक आहेत हे स्पष्ट झाले. ‘दे’ गाळल्याने विशेषण आणि अवयव यांमधला खुलासा नाहीसा होतो; स्त्रीचे उघडे पडणे आणि वक्षाचे उघडे पडणे ही दोन विधाने एका क्षणात एकत्र येतात. हे विचलन आहे आणि ते कवीचे आहे.

दुसरा प्रकार ‘के’ने (मराठी ‘की’) सुरू होणाऱ्या गौणवाक्यांचा. आजच्या प्रमाण भाषेत ‘मला खात्री आहे की…’ या अर्थी ‘एस्तोय सेगुरो दे के’ असे म्हटले पाहिजे. ‘दे’ गाळणे ही ‘केइस्मो’ नावाची चूक समजली जाते. उलट ‘हे निश्चित आहे की…’ या अर्थी ‘एस सेगुरो के’ असे म्हणावयाचे, कारण तेथे गौणवाक्य हाच कर्ता आहे; त्यात ‘दे’ घातला तर ती ‘देकेइस्मो’ नावाची दुसरी, आणि सामाजिकदृष्ट्या अधिक हिणविली जाणारी, चूक होते. शुद्ध बोलण्याच्या धास्तीने नको तेथे ‘दे’ घालणारा मनुष्य तेवढ्यावरून अशिक्षित ठरविला जातो. परंतु सुवर्णयुगात विशेषणानंतर ‘दे’वाचून ‘के’ येणे ही प्रचलित रीत होती. शब्दयोगीसह ‘के’ ही रचना सोळाव्या-सतराव्या शतकांत हळूहळू पसरली. तेव्हा गोंगोराच्या समकालीन गद्यात असा ‘दे’ दिसला नाही तर त्यात शैली शोधणे व्यर्थ होय; तेथे लेखक बोलत नसून काळ बोलतो आहे. दोन्ही ठिकाणी तोच एक अक्षराचा शब्द अनुपस्थित आहे. एका अनुपस्थितीत कवीची करणी आहे, दुसरीत कोणाचीच नाही. संहितेकडे कितीही बारकाईने पाहिले तरी हा फरक संहितेत दिसत नाही; तो दिसण्यासाठी त्या काळातील विशेषणांच्या अंमलाची नोंद हाताशी असावी लागते. निकट वाचनाचा कैवार घेणाऱ्या समीक्षेने या मर्यादेचा विचार अभावानेच केलेला आहे.

नोंद हाताशी असली तरी ती विश्वसनीय असली पाहिजे, आणि क्वेर्वोचा कोश अडला तो येथेच. त्याने वचने वेचली ती मुख्यतः रिवादेनेइराने १८४६ पासून काढलेल्या ‘स्पॅनिश लेखकांच्या ग्रंथालया’तून. ७१ खंडांच्या या मालेने १८८० पर्यंत जवळजवळ सारे अभिजात वाङ्मय एकत्र आणले होते. पण जुन्या छापील प्रतींशी ताडून पाहता त्यातील पाठ जागोजाग बिघडलेले आहेत, हे क्वेर्वोला आढळून आले. कथानकाच्या किंवा विचाराच्या अभ्यासकाला असा पाठदोष सहसा बाधत नाही. परंतु जेथे एका ‘दे’वर सर्व भिस्त आहे, तेथे संपादकाने आपल्या काळाच्या कानाला रुचेल असे शब्दयोगी घातले की साक्षच खोटी होते. ‘कोन्तेन्तो दे’ खटकून ‘कोन्तेन्तो कोन’ छापणारा संपादक स्वतःला सेवकच समजत असतो. दुसऱ्या खंडानंतर क्वेर्वोने तिसरा छापला नाही, याच्या कारणांत हा विश्वासभंग मोठा मानला जातो. स्पॅनिश भाषा लॅटिनप्रमाणे फुटून जाईल ही भीती त्याने १८९९ साली व्यक्त केली, आणि त्यावरून हुआन वालेराशी त्याचा जो वाद झाला, तोही याच वर्षांतला. भाषेच्या ऐक्याचा पुरावा शोधण्यास निघालेल्या मनुष्याला पुराव्याचीच शाश्वती उरली नव्हती.

१९११ साली पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला. (मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी, योगायोगापलीकडे याला अर्थ नाही, पण एका पिढीचा हव्यास दोन खंडांवर सारखाच होता एवढे त्यावरून दिसते.) क्वेर्वोचा ग्रंथसंग्रह बोगोताच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला. १९४२ साली कोलंबियात कारो इ क्वेर्वो संस्था स्थापन झाली, तिने कोशाचे काम पुढे चालविले आणि १९९४ साली ते आठ खंडांत पुरे केले. आरंभापासून १२२ वर्षांनी.

दरम्यान नियमनाची भाषाही बदलली. स्पेन, अमेरिका आणि फिलिपिन्समधील अकादमींनी मिळून २००५ साली शंकांचा कोश आणि २००९ साली नवे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांत एखादे विशेषण कोणत्या प्रदेशात कोणते शब्दयोगी घेते, याची नोंद पुष्कळदा निषेधाविना केलेली आहे. ‘केइस्मो’ आणि ‘देकेइस्मो’ यांविषयी मात्र कठोरपणा कायम आहे. एक अमेरिकन व्याकरणकार आणि एक अमेरिकन कोशकार यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जी मोकळीक मागितली, ती अकादमीच्या नावाने अशी अर्धीमुर्धी मिळाली.

पूर्ण झालेल्या कोशाच्या वापरात एक विचित्र स्थिती मात्र राहून गेली आहे. ‘आहेनो’, ‘कापास’, ‘कोन्तेन्तो’ आणि ‘दिग्नो’ या विशेषणांची अक्षरे क्वेर्वोच्या हातच्या दोन खंडांत येतात. त्यांची साक्ष रिवादेनेइराच्या मालेवर उभी आहे. ‘फिएल’, ‘येनो’, ‘सेगुरो’ यांची अक्षरे नंतरच्या खंडांत येतात, आणि ते रचणाऱ्यांना विसाव्या शतकातील चिकित्सक आवृत्त्या उपलब्ध होत्या. सतराव्या शतकातील एखाद्या कवीच्या विशेषणांची तुलना करू पाहणाऱ्याने वर्णमालेच्या चौथ्या अक्षराअलीकडचे प्रत्येक वचन मूळ छापील प्रतीशी पुन्हा ताडून घ्यावे लागते.